गव्हाला शेणखतही आणि युरियाही: पहिल्यांदा गहू करणाऱ्यासाठी एका एकराचा हिशेब

पहिल्या वर्षी माझा गहू विसाव्या दिवशी पिवळा पडला. पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी दोन ट्रॉल्या शेणखत टाकलं होतं, आणि एवढं खत पडल्यावर युरिया कशाला, असं मनाशी ठरवून मोकळा झालो होतो. शेजारच्या रानातले आबा बांधावरून उतरले, एक रोप उपटलं आणि मुळाशी आलेला खताचा गोळा बोटांनी फोडला. आत कडब्याच्या काड्या जशाच्या तशा होत्या. "खतच अजून उपाशी आहे," आबा म्हणाले, "ते पिकाला काय वाढणार?"

आबांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःला नत्र, म्हणजे युरियातून मिळतं तेच नायट्रोजन, लागतं. गव्हाच्या काडात नत्राच्या एका भागामागे कार्बनचे ऐंशीच्या आसपास भाग असतात, मुरलेल्या शेणखतात साधारण वीस. कच्चं खत रानात पडलं की जिवाणूंना कमी पडणारं नत्र ते मातीतून उचलतात, आणि पीक तेवढे दिवस नुसतं बघत बसतं. पुढे ते नत्र परत सुटतं, पण तोवर फुटव्यांचे दिवस निघून गेलेले असतात.

गव्हाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती खरिपाच्या पिकांना नसते. शेणखतातलं नत्र सुटायला मातीत ऊब लागते. जून-जुलैत ऊब आणि ओल दोन्ही असते, त्यामुळे शेणखतावरचा मका जोरात येतो. गव्हाला नत्राची मोठी भूक लागते ती पेरणीनंतर तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी डिसेंबरच्या कडाक्यात, जेव्हा निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो. गव्हाला थंडी मानवते, जिवाणू मात्र गारठून मंदावतात. म्हणून खत कितीही चांगलं असलं तरी या दिवसांत त्याचा हात आखडतो, आणि तेवढ्या खिंडीत युरिया लागतो. उलट नुसत्या युरियावर वर्षानुवर्षं गहू काढला तर जमीन पाणी धरेनाशी होते, ढेकळं फुटत नाहीत आणि जस्त-लोहाची ओढाताण सुरू होते.

हे काही माझं अनुभवाचं तुणतुणं नाही. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला 1843 पासून एकाच रानात गव्हावर शेणखत आणि रासायनिक खतांचा प्रयोग चालू आहे. आपल्याकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीत ज्वारीनंतर गहू या पिकांवर असाच दीर्घकालीन प्रयोग चालतो. शिफारशीचं रासायनिक खत आणि जोडीला शेणखत असलेले तुकडे उत्पादनातही पुढे राहतात आणि जमिनीच्या सेंद्रिय कर्बातही, हे अशा प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

पुढचा सगळा हिशेब नाशिक-नगरकडच्या मध्यम ते भारी काळ्या रानातल्या, सोयाबीनच्या मागे घेतलेल्या, वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाचा आहे. जिरायती गव्हाची मात्रा वेगळी आणि बरीच कमी असते. हे आकडे तिथे लावू नका.

पायरी पहिली: सोयाबीन निघालं की माती उचला

खत टाकण्याआधी. खत टाकल्यावर घेतलेला नमुना खताचाच अहवाल देतो. एकरात आठ-दहा ठिकाणी नागमोडी फिरत जा. वरचा पाला-काडी हाताने बाजूला सारा, खुरप्याने इंग्रजी 'व्ही'सारखा 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत काढा. सगळी माती घमेल्यात एकत्र करून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. बांधाकडेला, झाडाखाली, मागच्या साली जिथे उकिरडा होता तिथे आणि पाणी साचतं तिथे हात लावू नका. आणि माती खताच्या रिकाम्या गोणीतून नेऊ नका. मी एकदा नेली होती. स्फुरद (फॉस्फरस) इतकं भरपूर आलं की प्रयोगशाळेतल्या माणसानेच विचारलं, "पिशवी कसली होती?"

अहवालात आधी सेंद्रिय कर्ब बघा. 0.5 टक्क्याच्या खाली असेल तर शेणखताला पर्याय नाही. उपलब्ध नत्र हेक्टरी 280 किलोच्या आत असेल तर ते कमी धरतात, आणि आपल्याकडे बहुतेकांचं कमीच येतं. पालाश (पोटॅश) हेक्टरी 280 किलोच्या वर असेल तर भरपूर, आणि काळ्या रानात ते बऱ्याचदा भरपूर असतं. हा एक आकडा तुमचे पोटॅशचे पैसे वाचवू शकतो. सामू (पीएच) आठच्या वर असेल आणि मातीत चुनखडी असेल तर स्फुरद, जस्त आणि लोह मातीत असूनही पिकाला मिळत नाही. त्याचा विचार पुढे करू. अन्नद्रव्य कमी असेल तर शिफारशीपेक्षा 25 टक्के जास्त आणि भरपूर असेल तर 25 टक्के कमी, असा सर्वसाधारण दंडक आहे.

पायरी दुसरी: शेणखत मुरलंय का?

नवीन माणूस इथेच फसतो. विकणारा प्रत्येक ट्रॉलीला 'दोन वर्षांचं मुरलेलं' म्हणतो. ढिगाच्या वरचा थर उन्हाने वाळून काळा पडलेला असतो आणि तोच आपल्याला दाखवला जातो. तेव्हा फावड्याने ढीग मधोमध उकरा. मुरलेलं खत काळपट-तपकिरी, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर अमोनिया उडतो आहे, म्हणजे खत कच्चं आहे. लोखंडी पहार ढिगात खोल खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोक हाताला चटका देत असेल तर आत अजून भट्टी चालू आहे. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस घरात ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर ते खत या हंगामाचं नाही. आणि काडी ओळखू येते का तेही बघा. कडबा होता की भुसा हे सांगता येत असेल तर आबांचं वाक्य आठवा.

कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी फुकट येतं. माझ्या त्या पहिल्या वर्षीच्या रानात गव्हापेक्षा चाकवताची भाजी जास्त निघाली.

शेणखत नसेल तर? कोंबडीखत चालतं, पण ते तिखट असतं. त्यात नत्र 2 ते 3 टक्के असतं आणि ते लवकर सुटतं. एकरी एक टन पुरे, आणि तेही पाणी मारून दीड-दोन महिने मुरवलेलं. शेळ्या-मेंढ्यांचं लेंडीखत उत्तम. मेंढरं बसवण्याची सोय असेल तर ती सोडू नका. साखर कारखान्याची मळी स्फुरदाला चांगली, पण ताजी कधीच नको. गांडूळखत चांगलंच, पण एकराला पुरेल एवढं विकत घ्यायला निघालात तर गव्हाच्या भावात ते बसत नाही. घरी बेड असतील तरच त्याचा विचार करा.

जीवामृताबद्दल लोक हमखास विचारतात. 200 लिटरच्या टाकीत 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन जातं. यातल्या नत्राची बेरीज करून बघा, सगळं मिळून पाव किलोच्या आसपास भरतं. एकराला लागणार 48 किलो. जिवाणूंचं विरजण म्हणून जीवामृत जरूर द्या, पण खताच्या रकान्यात ते लिहू नका.

पायरी तिसरी: टाकायचं कधी

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे खरिपाआधी, मे महिन्यात. सोयाबीनला ते मिळतं, पावसाळाभर मुरतं आणि गव्हापर्यंत पार मातीत जिरतं. ते जमलं नसेल तर सोयाबीन निघाल्या-निघाल्या, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मातीत तेव्हा ऊब असते, परतीच्या पावसाची ओल असते. पेरणीपर्यंतचे तीन-चार आठवडे खताच्या कामी येतात. पेरणीच्या आदल्या आठवड्यात खत आणाल तर ते ढिगातच ठेवा आणि पुढच्या पिकाला द्या.

मात्रा एकरी 4 टन, म्हणजे हेक्टरी 10. 'दोन ट्रॉल्या' हे माप नव्हे. ट्रॉली कशी भरली आणि खत किती ओलं आहे यावर तिचं वजन दुपटीने बदलतं. एकदा तरी भरलेली ट्रॉली वजनकाट्यावर घाला, मग आयुष्यभर अंदाज चुकत नाही.

रानात खताचे पुंजे पाडून ते पंधरा-पंधरा दिवस उन्हात ठेवायची आपल्याकडे रीतच पडली आहे. ढिगाखालच्या जागेत गहू गुडघाभर हिरवागार आणि मधल्या जागेत पिवळट, अशी ठिपक्या-ठिपक्यांची रानं दरवर्षी दिसतात ती यामुळेच. नत्र हवेत उडून जातं. ज्या दिवशी ट्रॉली रिकामी होईल त्याच दिवशी खत पांगवा आणि संध्याकाळपर्यंत वखराची किंवा रोटाव्हेटरची पाळी घालून ते मातीआड करा.

सोयाबीनचं भुसकट शेतातच असेल तर पेटवू नका, पण पेरणीच्या तोंडावर गाडूही नका. गोठ्याकडे न्या किंवा पुढच्या सालाच्या खड्ड्यात टाका.

चुनखडीच्या रानासाठी एक उपाय मी करतो. लागणाऱ्या तीन गोण्या सुपर फॉस्फेटपैकी एक गोणी महिनाभर आधीच शेणखताच्या ढिगात थराथराने मिसळतो. चुन्याशी थेट गाठ पडली की स्फुरद बांधलं जातं. खताच्या पोटात राहिलं तर पिकाला जास्त दिवस मिळतं, आणि ढिगातला अमोनियाही कमी उडतो. युरिया मात्र ढिगात कधीही मिसळू नका. शेणात युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) भरपूर असतं, दोन दिवसांत तुमचे पैसे वासाच्या रूपाने गावभर फिरतात.

अहवालात जस्त किंवा लोह कमी असेल तर झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट प्रत्येकी एकरी 8 ते 10 किलो घ्या. दहापट शेणखतात कालवा, पाणी शिंपडून सावलीत आठवडाभर गोणपाटाखाली ठेवा आणि मग रानात द्या. झिंक सल्फेट सुपर फॉस्फेटमध्ये किंवा डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) मिसळून देऊ नका. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि पीक उपाशी राहतं.

पायरी चौथी: वहीत हिशेब मांडा

दुकानात जायच्या आधी. नाहीतर हिशेब दुकानदार मांडतो. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाची राहुरीच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी नत्र 120, स्फुरद 60, पालाश 40 किलो अशी आहे. एकराला नत्र 48, स्फुरद 24, पालाश 16. अहवालानुसार 25 टक्के कमी-जास्त करायचं ते या आकड्यांवर करा. इथे मूळ शिफारस धरून हिशेब मांडतो.

आता शेणखताच्या नावे काय जमा होतं ते बघू. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, स्फुरद पाव टक्क्याच्या आत, पालाश अर्धा टक्का धरतात. 4 टनांत 20 किलो नत्र झालं. पण या हंगामात त्यातलं जेमतेम चौथा हिस्सा हाताला लागतं, 5 किलो. उरलेलं पुढच्या दोन-तीन हंगामांत हळूहळू सुटतं. पालाश 20 किलो, आणि त्यातला बराचसा पहिल्याच वर्षी मिळतो.

हा 5 किलोचा आकडा पाहून पहिल्यांदा माझं तोंड पडलं होतं. चार टन वाहून आणायचं आणि वाचणार काय, तर 11 किलो युरिया! 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे पासष्ट-सत्तर रुपयांचा माल. नुसता युरिया वाचवायला शेणखत टाकत असाल तर तो तोट्याचा धंदा आहे. शेणखताचा नफा पालाशात, जस्तात, वाफसा टिकण्यात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो. दरवर्षी टाकत गेलात की मागच्या वर्षांचं उरलेलं सुटायला लागतं, आणि मग रासायनिक नत्र पाव हिश्शाने कमी करायला हरकत नाही. पहिल्याच वर्षी निम्मं कापणारे लोक दुसऱ्या वर्षी शेणखतालाच नावं ठेवतात.

तर खरेदी अशी. भागाकार एकच लक्षात ठेवा: हवे तेवढे किलो, भागिले गोणीवरचा टक्का, गुणिले शंभर.

नत्र: 48 वजा 5, उरले 43. युरियात 46 टक्के. 93 किलो युरिया, म्हणजे जवळपास दोन गोण्या. एक पेरणीला, एक एकविसाव्या दिवशी.

स्फुरद: 24 किलो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के. 150 किलो, बरोबर तीन गोण्या. पहिल्या वर्षी यात कपात नको.

पालाश: 16 किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के. 27 किलो. अहवालात पालाश भरपूर असेल आणि शेणखत पडलं असेल तर मी हे सोडून देतो. मध्यम असेल तर निम्मं.

सुपरऐवजी डीएपी घेतलं तर एका 50 किलोच्या गोणीत स्फुरद 23 आणि नत्र 9 किलो येतं, मग पेरणीचा युरिया निम्म्या गोणीवर आणा. डीएपी उचलायला हलकं, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. मी सुपर घेतो, कारण तीन गोण्यांबरोबर सोळा किलोच्या वर गंधक रानात जातं. 10:26:26च (हे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) मिळालं तर 60 किलो घ्या. त्यात पालाश पूर्ण होतं, उरलेल्या स्फुरदासाठी सुपरची एक गोणी आणि पेरणीचं नत्र भरून काढायला 30-35 किलो युरिया.

दुकानात आधारकार्ड न्या, मशीनवर अंगठा द्यावा लागतो. आणि ऐन हंगामात 'युरियाबरोबर ही बाटली घ्यावीच लागेल' असं लिंकिंग होतं. मला एकदा असाच काळ्या पाण्याचा डबा गळ्यात पडला, तो अजून गोठ्याच्या माळ्यावर आहे. अहवाल हातात आल्या-आल्या, गर्दीच्या आधीच गोण्या आणून लाकडी फळीवर रचून ठेवल्या तर हा ताप वाचतो.

पायरी पाचवी: बियाणं

एकरी 40 ते 50 किलो. आधी बुरशीनाशक, मग जिवाणू खत, हा क्रम उलटा करू नका. ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू किलोमागे 25-25 ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा. ताडपत्रीवर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. पाकिटावरची मुदत बघा. उन्हात टांगलेल्या पाकिटात मेलेले जिवाणू विकत घेण्यात अर्थ नाही. जिवाणू लावलेलं बी रासायनिक खतात मिसळून एकाच चाड्यातून सोडू नका.

पायरी सहावी: पेरणी

1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरतात. ही घट कोणत्याही खताने भरून निघत नाही. उशिराच्या गव्हाला नत्रही कमी द्यायचं असतं. उशीर झाला म्हणून दोन मुठी जास्त टाकणारे फक्त गहू लोळवतात.

रान ओलवा, वाफसा आला की पेरा. दोन ओळींत 20 सेंटिमीटर, खोली 5 ते 6 सेंटिमीटर. दोन चाड्यांची पाभर असो की ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र, खत बियाण्याच्या खाली आणि थोडं बाजूला पडलं पाहिजे. यंत्र दहा फूट चालवा, थांबवा, आणि बोटांनी माती उकरून बी कुठे, खत कुठे ते डोळ्यांनी बघा. ड्रायव्हरला घाई असते, तुम्हाला नसावी. युरियाचा दाणा बियाण्याला चिकटून पडला तर कोंब जळतो आणि ओळीत तुटाळी दिसतात. खताची नळी वेगळी नसेल तर युरिया शेवटच्या पाळीआधी विसकटून मातीत मिसळा आणि ओळीतून फक्त सुपर सोडा.

युरिया आणि सुपर एकत्र कालवून रात्रभर ठेवू नका. सकाळी त्याचा चिखल होतो आणि नळ्या तुंबतात. कालवायचं असेल तर यंत्र बांधावर उभं राहिल्यावरच.

पायरी सातवी: एकविसावा दिवस

कॅलेंडरवर खूण करा. 18 ते 21 दिवसांत गव्हाला मुकुटमुळं फुटतात. रोप हळूच उपटून बघा, जमिनीच्या पातळीच्या जरा खाली, बियाण्याच्या वर, पांढऱ्या जाडसर मुळांचा झुबका निघालेला दिसेल. पुढचे सगळे फुटवे याच मुळांवर पोसायचे असतात. या वेळचं पाणी चुकलं तर फुटवे कमी, आणि नत्र चुकलं तर आलेले फुटवे ओंबी न धरता वाळतात.

क्रम असा: आधी खुरपणी, मग युरिया, मग पाणी. तणात युरिया टाकला तर आधी तण जेवतं.

सकाळी दव असताना युरिया फेकू नका. ओल्या पानावर दाणा बसला की पानावर पांढरे डाग उठतात. अकरा वाजता, पानं सुकल्यावर सुरुवात करा. एकरात सारे किती ते मोजा. समजा 20 आहेत, तर 45 किलोच्या गोणीतलं सव्वादोन किलो एका साऱ्याला. घरातला एक डबा वजनकाट्यावर भरून त्यावर सव्वादोन किलोची रेघ ओढा. निम्मं जाताना फेका, निम्मं परत येताना. गोणी काखेत घेऊन अंदाजाने फेकत गेलात तर पहिल्या पाच साऱ्यांत मूठ सैल असते आणि शेवटच्या पाचांना खरवडून द्यावं लागतं. महिन्याभरानंतर हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं.

युरिया पडला की त्याच दिवशी पाणी. आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या रानात वरच राहिलेला युरिया झपाट्याने उडतो. पण पाणी हलकं द्या आणि सारा भरला की लगेच वळवा. जोराचं पाणी सोडलं तर विरघळलेला युरिया वाहत शेवटच्या टोकाला जमा होतो. तिथला गहू काळपट हिरवा होतो, तिथेच मावा आधी येतो आणि तोच आधी लोळतो. हलक्या, निचऱ्याच्या रानात ही गोणी दोनदा विभागून द्या, दोन तृतीयांश आता आणि उरलेली 40-42 दिवसांनी, कांडी धरताना.

पायरी आठवी: पिवळं दिसलं तर

लगेच युरिया घेऊन धावू नका. कुठलं पान पिवळं आहे ते बघा. खालची, जुनी पानं टोकापासून पिवळी होत गेली तर नत्र कमी. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, अशा रेघा दिसल्या तर लोह. पूर्ण कोवळं पान फिकट पडलं तर गंधक, आणि हे डीएपीवाल्यांकडे जास्त दिसतं. फक्त सखल साऱ्यांत पिवळं असेल तर पाणी जास्त झालंय, वाफसा येऊ द्या. आणि बोटाला पिवळी-नारिंगी भुकटी लागली तर तो तांबेरा आहे, त्याला खताचं औषध नाही.

पहिल्या वर्षी मला झाला तसा कच्च्या खताचा पिवळेपणा आला तर 2 टक्के युरियाची, म्हणजे लिटरला 20 ग्रॅमची, फवारणी आठवड्याच्या अंतराने दोनदा द्या आणि पाणी बेताचं ठेवा. पीक सावरतं, पूर्ण नाही, पण सावरतं.

सगळं ठीक असेल तर 55 आणि 70 दिवसांनी 19:19:19 लिटरला 20 ग्रॅम फवारता येतं, दाणे भरायला मदत होते. फुलोऱ्यानंतर जमिनीतून युरिया नको. शेजाऱ्याचा गहू जास्त काळाभोर दिसतो म्हणून हात शिवशिवतो, पण तसा गहू फेब्रुवारीच्या एका वाऱ्यात आडवा होतो.

पायरी नववी: एक सारा कोरा ठेवा

शेणखत पांगवताना कडेचा नव्हे, मधला एक सारा सोडा. बाकी सगळं, युरिया, सुपर, पाणी, त्यालाही तेवढंच द्या. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका आणि घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर कामाला आलेला एखादा कनवाळू माणूस तिथे दोन पाट्या खत टाकून जातो. माझ्याकडे हे झालेलं आहे.

काढणीला तो सारा आणि शेजारचा एक सारा विळ्याने वेगळा कापा, वेगळा मळा, वेगळा तोला. हार्वेस्टर येण्याच्या आदल्या दिवशीच, कारण मशीन एकदा रानात शिरलं की खुंट्या कोणी बघत नाही. दोन्ही वजनं वहीत लिहा, आणि शेजारी त्या वर्षी शेणखताला वाहतुकीसकट किती पैसे गेले तेही. पहिल्या वर्षी दोन आकड्यांत फार फरक येणार नाही. खुंट्या काढू नका. पुढच्या वर्षी तोच सारा पुन्हा कोरा ठेवायचा आहे.